ओरॅकल पार्क: तिसऱ्या मजल्यावरून बेसबॉल

सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कमध्ये, म्हणजे जायंट्स संघाच्या घरच्या मैदानावर, बेसबॉलचा सामना पाहायला निघालेल्या बे एरियातील मराठी कुटुंबांचा सगळा खल बहुधा तिकिटांवरच होतो, आणि एवढे आलो आहोत तर जरा जवळचीच जागा घेऊ, असा त्याचा शेवट होतो. माझे मत याच्या उलट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने, त्यातही जन्मभर क्रिकेट पाहिलेल्याने, खालच्या महागड्या रांगांच्या नादी न लागता होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, बरोबर मागे, सर्वांत वरच्या मजल्यावर बसावे. सांगलीहून आलेल्या आईबाबांना घेऊन आम्ही जुलैमधल्या एका संध्याकाळच्या सामन्याला गेलो, तेव्हा हे मत अधिकच पक्के झाले. तिथे कसे पोहोचावे, काय न्यावे आणि कुठे बसावे हे पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे लिहीत आहे.

आधी पोहोचण्याविषयी. सनीव्हेल, माउंटन व्ह्यू किंवा सॅन होजेकडून येणाऱ्यांनी गाडी घरी ठेवून कॅलट्रेनने जावे, यात दुमत होण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२४ पासून या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या आहेत. त्या पूर्वीच्या डिझेल गाड्यांपेक्षा वेगवान आणि शांत असून सॅन होजे ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर जलद गाडी तासाभराच्या आत कापते. शेवटचे स्थानक फोर्थ आणि किंग रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे आणि तिथून किंग स्ट्रीटने पूर्वेकडे चालत निघाले की दहा मिनिटांच्या आत मैदान येते. रस्ता विचारावा लागत नाही, कारण डब्यातले निम्मे लोक काळ्या-नारिंगी जर्सीत असतात आणि त्यांच्यामागून चालू लागले की झाले. भाडे भरण्याचे क्लिपर कार्ड मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र असावे, आणि चढताना तसेच उतरल्यावरही ते फलाटावरच्या यंत्राला लावण्याची आठवण ज्येष्ठांना करून द्यावी. उतरल्यावर लावायचे राहून गेले तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते.

फ्रीमाँट किंवा डब्लिनकडून येणाऱ्यांनी बार्ट रेल्वेने एम्बार्कडेरो स्थानकापर्यंत यावे आणि तिथून म्युनीची, म्हणजे शहराच्या वाहतूक सेवेची, एन ज्यूडा ही गाडी धरावी. ती सेकंड आणि किंगच्या थांब्यावर, म्हणजे मैदानाच्या दारातच सोडते. हवा चांगली असेल आणि सोबतची मंडळी चालणारी असतील, तर हेच अंतर किनाऱ्याने पायी गेलेले मला अधिक आवडते, कारण संपूर्ण वाटेवर डाव्या हाताला खाडी असते आणि मध्ये एकदा डोक्यावर बे ब्रिज येतो. सामन्याच्या दिवशी ओकलंड आणि अलामीडाकडून थेट मैदानाच्या मागच्या धक्क्यावर येणाऱ्या फेरीबोटीही असतात, पण त्यांचे तिकीट आधी काढून ठेवावे लागते. ज्यांना मोटारीनेच यायचे आहे त्यांनी पार्किंगची जागा आधी आरक्षित करावी आणि तिचा दर पाहून पुन्हा एकदा रेल्वेचा विचार करावा.

मैदानाचे दरवाजे सामन्याच्या साधारण दीड तास आधी उघडतात. त्या वेळेच्या थोडे आधी पोहोचणे चांगले, कारण २०२३ पासून बेसबॉलमध्ये पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावले गेले आहे. बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या ठाण्यांवर, कोणी धावपटू नसेल तर त्याला १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो, त्यामुळे पूर्वी तीन तासांवर रेंगाळणारे सामने आता बरेचदा पावणेतीन तासांच्या आत संपतात. पावणेसातचा सामना आहे म्हणून सव्वासातला आलो तर काय बिघडते, ही आपली सवय इथे महागात पडते. दोन इनिंग, म्हणजे दोन्ही संघांचे दोन-दोन डाव, तरी हातच्या जातात.

भेटण्याची खूण म्हणून थर्ड आणि किंगच्या कोपऱ्यावरचा, जायंट्सचे दिग्गज खेळाडू विली मेज यांचा पुतळा सांगावा. मेज यांच्या जर्सीचा क्रमांक २४, म्हणून मैदानाचा पत्ता '२४ विली मेज प्लाझा', पुतळ्याभोवती ताडाची झाडे २४ आणि उजव्या बाजूच्या मैदानाची भिंतही २४ फूट उंच. ६६० होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारलेल्या या खेळाडूचे जून २०२४ मध्ये निधन झाले. आम्ही गेलो तेव्हा पुतळ्याच्या चौथऱ्यापाशी कोणीतरी नारिंगी फुलांचा गुच्छ आणि त्याला टेकवून एक जुना, शिवण उसवलेला चेंडू ठेवला होता. आईने नकळत चप्पल काढून नमस्कार केला आणि आजूबाजूच्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

तिकिटे फोनवरच येतात. सगळ्यांची तिकिटे एकाच फोनमध्ये असतील तर सगळ्यांनी एकत्रच आत शिरावे, आणि घरून निघतानाच बॅटरी पुरेशी आहे ना हे पाहून घ्यावे, कारण परतीचे तिकीट आणि वेळापत्रकही बहुतेकांच्या त्याच फोनमध्ये असते. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागते. बाहेरचे खाणे नेता येते, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. आम्ही मेथीचे पराठे आणि दडपे पोहे नेले होते. तपासणीवरच्या माणसाने डबा उघडून पाहिला, वास घेतला आणि हसून आत सोडले. पाण्याच्या सीलबंद प्लास्टिक बाटल्याही चालतात. पिशव्यांचे नियम मात्र अधूनमधून बदलतात, त्यामुळे ऑफिसची पाठपिशवी घेऊन परस्पर जाण्याआधी क्लबच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी. विकतच्या पदार्थांपैकी इथले गार्लिक फ्राइज प्रसिद्ध आहेत आणि ते शाकाहारींनाही चालण्यासारखे आहेत, मात्र लसूण इतका सढळ असतो की चौघांत मिळून दोन पुडे घेतले तरी पुरतात.

आता जागांविषयी, कारण खरा मुद्दा तोच आहे. इथल्या विभागांचे क्रमांक समजले की तिकीट काढणे सोपे जाते. शंभराचे विभाग जमिनीलगतचे, दोनशेचे मधल्या मजल्यावरचे आणि तीनशेचे सर्वांत वरचे. प्रत्येक मजल्यावर लहान आकडे पहिल्या बेसच्या, म्हणजे उजव्या बाजूला असतात आणि आकडा वाढत गेला की आपण होम प्लेटच्या मागून फिरत तिसऱ्या बेसकडे जातो. त्यामुळे ३१५ च्या आसपासचा विभाग बरोबर होम प्लेटच्या मागे येतो आणि आमची जागा तिथेच होती.

खाली तिसऱ्या बेसच्या जवळ बसले तर खेळाडूंचे चेहरे दिसतात हे खरे, आणि जायंट्सचा डगआउट (खेळाडूंची बसण्याची जागा) त्याच बाजूला असल्यामुळे तिकिटेही तिथली लवकर जातात. पण चेंडू बॅटला लागून उंच उडाला की तो किती लांब चालला आहे याचा अंदाज जमिनीच्या पातळीवरून येत नाही. सगळे उभे राहतात म्हणून आपणही उभे राहतो आणि शेवटी झेल घेतला गेला हे मोठ्या पडद्यावर पाहतो. वरून मात्र पिचरचा चेंडू सरळ आपल्याकडे येताना दिसतो, क्षेत्ररक्षक कोणत्या फलंदाजासाठी कुठे सरकले हे कळते, आणि दोन्ही बाजूंच्या फाऊलच्या पांढऱ्या रेषा पायाशी रांगोळीसारख्या स्पष्ट दिसतात. बाबांचा पहिलाच प्रश्न होता, "अरे, एवढा लांब मारला, प्रेक्षकांत गेला, तरी धाव नाही?" मी बोटाने रेष दाखवली आणि चेंडू तिच्या बाहेर पडला होता एवढेच सांगितले. विकेटच्या मागे मारलेल्या फटक्यालाही धावा मिळतात अशा खेळात मुरलेल्या माणसाला हा नियम तोंडी समजावणे अवघड जाते. वरून तो दिसतो. पुढे तिसऱ्या इनिंगपर्यंत ते स्वतःच "बाहेर, बाहेर" म्हणू लागले होते.

या मैदानाचा विचित्र आकारही वरूनच कळतो. उजव्या कडेला भिंत होम प्लेटपासून फक्त ३०९ फुटांवर आहे, पण ती उंच आहे. तिथून मध्याकडे सरकावे तशी ती मागे मागे जात ४१५ फुटांपर्यंत पोहोचते, आणि त्या खोल कोपऱ्यात पडलेला चेंडू परत येईपर्यंत चपळ फलंदाज तिसऱ्या बेसवर पोहोचलेला असतो. भिंतीपलीकडे पाणी आहे. जायंट्सच्या फलंदाजाने मारलेला होम रन थेट त्या पाण्यात पडला तर त्याची वेगळी मोजणी भिंतीवरच्या फलकावर ठेवली जाते. पहिला असा फटका १ मे २००० रोजी बॅरी बाँड्स यांनी मारला आणि एकूण ३५ त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत. पाहुण्या संघाचा चेंडू पाण्यात पडला तरी तो या हिशेबात धरत नाहीत, ही आपपरभावाची तऱ्हा मला फारच आवडते. चेंडू पकडायला खाली लहान नावा घेऊन लोक बसलेले असतात आणि सामन्यातले बरेचसे तास ते नुसते वल्ही आवरून बसतात.

वरच्या मजल्याचे तोटेही सांगायला हवेत. पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी शक्यतो या मजल्यावरच्या खालच्या रांगा घ्याव्यात. वर येण्यासाठी सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण विभागात शिरल्यावर पायऱ्यांवाचून इलाज नाही. आईला कठड्याला धरून चढावे लागले आणि एकदा बसल्यावर तिने शेवटपर्यंत उठण्याचे नाव काढले नाही.

दुसरा तोटा वाऱ्याचा, आणि याबाबत नव्या माणसांची हमखास फसगत होते. दुपारी सनीव्हेलमध्ये अंगाची लाही होत असते, म्हणून लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत येतात आणि सूर्य मावळला की दुकानातून तिप्पट दराची जाकिटे घेतात. जायंट्सचे १९६० ते १९९९ या काळातले घर असलेले कँडलस्टिक पार्क तर वाऱ्यासाठी कुप्रसिद्धच होते. २००० साली उघडलेले हे मैदान वाऱ्याचा अभ्यास करून बांधलेले आहे आणि त्यामानाने पुष्कळ सुसह्य आहे. तरीही जुलै-ऑगस्टच्या रात्री पश्चिमेकडून धुके आत सरकते आणि वरच्या रांगांत हुडहुडी भरते. पूर्ण बाह्यांचे जाकीट, कानटोपी आणि मांडीवर घ्यायला एक पांघरूण, एवढे सोबत असावेच. दुपारच्या सामन्याला उलट प्रकार होतो: तिसऱ्या बेसची आणि डाव्या मैदानाची बाजू दक्षिणेकडे तोंड करून असल्याने तिथे ऊन थेट अंगावर येते, म्हणून दुपारचे तिकीट काढताना पहिल्या बेसकडचे, सावलीत येणारे विभाग बघावेत.

ज्यांना खेळापेक्षा देखावा अधिक प्रिय आहे त्यांनी तिसऱ्याच मजल्यावर, पण पहिल्या बेसच्या बाजूचे, म्हणजे लहान आकड्यांचे विभाग घ्यावेत. तिथून डाव्या मैदानापलीकडे खाडी आणि बे ब्रिज चांगला दिसतो. लहान मुले असतील तर डाव्या मैदानामागचा कोकाकोलाच्या बाटलीच्या आकाराचा भला मोठा सांगाडा आणि शेजारचा जुन्या पद्धतीचा चार बोटांचा अजस्र हातमोजा त्यांना दाखवावा. त्यासाठी सामना सुरू होण्याआधीचा वेळ उत्तम. मध्य मैदानामागे भाजीपाल्याची एक बागही आहे. खाली बसणाऱ्यांनी फाऊल चेंडूंपासून जपावे, कारण संरक्षक जाळी कडेपर्यंत सगळीकडे नसते आणि फोनमध्ये मान घातलेल्या माणसाला चेंडू दिसत नाही. हाती आलेला चेंडू मात्र क्रिकेटसारखा परत द्यायचा नसतो, तो आपलाच.

सामना चालू असताना जागेवरून उठायचे असेल तर एका फलंदाजाची पाळी संपेपर्यंत थांबावे. रांगेतून मधेच आडवे जाणे इथे असभ्य मानले जाते. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे मैदान उभे राहून गाते, तेव्हा पाय मोकळे करून घ्यावेत. आठव्या इनिंगच्या सुमारास सीगल पक्षी वर घिरट्या घालू लागतात, कारण लोक उठून गेले की सांडलेल्या फ्राइजवर त्यांचीच सत्ता असते. सामना लांबला तर ते मैदानातही उतरतात. त्या वेळी उघडा डबा मांडीवर ठेवू नये.

परतताना शेवटचा फलंदाज बाद होताच हजारो लोक एकाच दिशेने फोर्थ आणि किंगकडे निघतात. ज्येष्ठ सोबत असतील तर एकतर आठवी इनिंग संपताच निघावे, नाहीतर सरळ अर्धा तास जागेवर बसून राहावे आणि पुढची गाडी धरावी. आम्ही दुसरा मार्ग पत्करला आणि चौघांना बसायला जागा मिळाली. फक्त रात्री गाड्या विरळ असतात आणि शेवटची मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, म्हणून त्या दिवसाचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धचा सामना असेल तर गर्दी आणि तिकिटांचे दर दोन्ही चढतात. पहिल्या खेपेला एखादा साधा मंगळवार-बुधवार निवडणे सोयीचे.

एवढा खर्च करण्याआधी नुसती चव घ्यायची असेल, तर उजव्या मैदानाच्या भिंतीमागे पाण्याच्या कडेने सार्वजनिक पायवाट आहे. तिच्यावरच्या कमानींतून, जाळीआडून, तीन इनिंगपर्यंत सामना फुकट पाहता येतो. मागे रांग असेल तर त्यानंतर इतरांना जागा करून द्यावी लागते.