कोर्टमार्शलला, म्हणजे लष्करी न्यायालयात न्यायाला, बसणारे साहेब कायदा शिकायचे कुठं?

कोर्टनाक्यावर वकिलांच्या पाट्या बघत कायदा शिकणाऱ्या ठाण्यातल्या मुलांना हे पटकन पटत नाही. ब्रिटिश हिंदी फौजेत न्यायाला बसणाऱ्या बहुतेक अधिकाऱ्यांकडे सनद सोडाच, कायद्याची पदवीही नसे.

बढतीच्या परीक्षेत लष्करी कायद्याचा पेपर असे. त्यासाठी १८८४ पासून ‘मॅन्युअल ऑफ मिलिटरी लॉ’ होतं. पण खरं शिक्षण चालू खटल्यात शिकाऊ म्हणून बसून व्हायचं. शिकाऊला बंद दारामागच्या चर्चेतही बसता येई, मत मात्र नसे. मतं कनिष्ठापासून घ्यायची, हे तो तिथंच बघायचा. कर्नल आधी बोलला की कोवळा लेफ्टनंट मान डोलावणारच!

अभ्यास दुहेरी. गोऱ्या सैनिकाला विलायतेचा १८८१ चा आर्मी अ‍ॅक्ट, हिंदी शिपायाला १८६९ चे ‘इंडियन आर्टिकल्स ऑफ वॉर’ आणि पुढे १९११ चा कायदा.

हमखास चूक आरोपपत्रात व्हायची. रजा संपून शिपाई परतला नाही, तर तो गैरहजर की फरारी? नुसते दिवस मोजून ते ठरत नाही, परत न येण्याचा इरादा दाखवावा लागतो. गणवेश विकून टाकला, नाव बदलून नोकरी धरली, तर तसा पुरावा मिळतो. स्वतःहून हजर झाला, तर फरारीचा आरोप लंगडा पडतो.

१८५७ पूर्वी बंगाल फौजेत शिपायांचा न्याय हिंदी अधिकारीच करत. काडतुसं नाकारणाऱ्या मेरठच्या ८५ स्वारांचा खटला अशाच १५ जणांपुढं चालला. बंडानंतर कमांडिंग ऑफिसरची जरब बसावी म्हणून समरी कोर्टमार्शल आलं. त्यात तो एकटाच न्यायालय. आणखी दोघे हजर असतात, पण त्यांना ना शपथ, ना मत. म्हणजे वकिली न शिकलेल्या माणसाच्या हाती सगळा कारभार.

घोळ होतो तो कबुलीत. ‘गुन्हा कबूल’ लिहिण्याआधी आरोपाचा अर्थ आणि कबुलीचे परिणाम समजावून सांगावे लागतात. साहेबांपुढं ‘हो’ म्हणणं हीच शिस्त मानणाऱ्या जवानाच्या बाबतीत तर जास्तच. ही पायरी गाळली की पुढच्या छाननीत शिक्षा रद्द होऊ शकते.

स्वतंत्र भारताच्या १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टनं समरी कोर्टमार्शलची ही पद्धत ठेवली. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद, खालचा असेल तर तीन महिने. जॅगची (लष्कराच्या कायदा शाखेची) तयारी करणाऱ्यांनी या कायद्याचं कलम ११६ आणि १२० वाचून मग १९५४ च्या आर्मी रूल्समधला ११५ वा नियम उघडावा. कबुली नोंदवायची रीत तिथं आहे.