गेज शून्य दाखवत होता, फोर्क रिकामा नव्हता

मी माउंटन बाइकचे, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या सायकलींचे, फोर्क दुरुस्त करतो; फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे, धक्के झेलणारे दोन पाय. दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात साताऱ्याहून फोन आला. माणूस आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवणारा, आवाजातच हत्यारांची सवय कळत होती. म्हणाले, फोर्कची सर्व्हिस घरीच काढलीय, लोअर्स (खालच्या, बाहेरच्या नळ्या) उतरवून झाले, पण एअर शाफ्ट (हवेच्या पिस्टनचा दांडा) आत अडकून बसलाय, बाहेर येत नाहीये, सर्क्लिप प्लायर हातात आहे, एवढी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढली की सीलहेडसकट (नळीच्या तळाच्या झाकणासकट) सगळं ओढून काढतो, तुमच्याकडे या मॉडेलचं सील किट मिळेल का तेवढं सांगा.

मी म्हटलं, सर, किट मिळेल, पण आधी एक सांगा, फोर्क मुळात कशासाठी उघडला? म्हणाले, गेले काही महिने बसत चाललाय. 140 एमएमचा फोर्क, म्हणजे तेवढा उघडायला हवा, तो 100 च्या आसपास येऊन थांबतो. हवा भरली की थोडा वर येतो, दोन राइडमध्ये परत खाली.

हे ऐकलं आणि मी ताट बाजूला सरकवलं. विचारलं, शाफ्टच्या टोकाला खालचा बोल्ट चार आटे लावून ओढून बघितलात का? हो म्हणे, थोडा बाहेर येतो आणि सोडला की सटकन आत जातो.

"सर, प्लायर खाली ठेवा. सर्क्लिपला हात लावू नका."

"अहो पण हवा काढलीय मी. व्हॉल्व्हची कोअरसुद्धा काढून ठेवलीय. पंप लावून बघितला, झिरो."

इथेच सगळी गोम आहे आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते म्हणून जरा सविस्तर लिहितो. एअर फोर्कच्या डाव्या पायात, म्हणजे ज्या बाजूला हवेची स्प्रिंग असते तिथे, एक पिस्टन असतो आणि त्याच्या वर एक कप्पा, खाली एक कप्पा. वरचा पॉझिटिव्ह, तो तुमचं वजन पेलतो. खालचा निगेटिव्ह, तो पिस्टनला उलट्या बाजूने रेटतो, म्हणजे फोर्कला थोडा आत ओढून धरतो, म्हणून बारीक खड्ड्यावरसुद्धा फोर्क लगेच हलतो, नाहीतर सीलची घट्ट पकड सुटायलाच बराच जोर लागला असता. जुन्या ड्युअल एअर फोर्कना या खालच्या कप्प्यासाठी पायाच्या तळाशी वेगळा व्हॉल्व्ह असायचा, तो वेगळा भरायचा, वेगळा रिकामा करायचा. आताच्या बहुतेक फोर्कमध्ये व्हॉल्व्ह एकच, वरचा. खालच्या कप्प्यात हवा जाते ती स्टँचनच्या (लोअर्समध्ये सरकणाऱ्या वरच्या नळीच्या) आतल्या भिंतीवर एक बारीक खळगी असते तिच्यातून, फोर्क पूर्ण वर आला, म्हणजे पूर्ण उघडला, की पिस्टनचं सील त्या खळगीवर येतं आणि दोन्ही कप्प्यांचं प्रेशर सारखं होतं. बास. बाकी वेळ दोन्ही कप्पे एकमेकांपासून बंद. म्हणजे व्हॉल्व्हवर लावलेला पंप फक्त वरच्या कप्प्याचं सांगतो, खालच्या कप्प्यात काय कोंडलंय ते त्याला कळायचा मार्गच नाही.

आता पिस्टनचं सील झिजलं की काय होतं, फोर्क दबला की वरचं प्रेशर वाढतं आणि थोडी थोडी हवा सीलच्या कडेने खाली सरकते. खळगी मोकळी असेल तर ती परत वर येते, काही बिघडत नाही. पण खळगी ग्रीसने बुजली असेल तर ती हवा खालीच राहते. खालचा कप्पा फुगत जातो, फोर्कला आत ओढतो, आणि एकदा का पिस्टन खळगीपर्यंत पोचेनासा झाला की त्या हवेची सुटकेची वाटच बंद. मग माणूस वरून अजून हवा भरतो, त्यातली थोडी परत खाली. पंपावर आकडा बरोबर दिसतो आणि फोर्क बसतच जातो.

सरांच्या फोर्कचं नेमकं हेच झालं होतं. त्यांनी वरची हवा सोडली तेव्हा फोर्क पार खाली बसला, त्यांना वाटलं रिकामा झाला. खरं म्हणजे रिकामा फोर्क हाताने ओढला तर वर येतो आणि तिथेच राहतो. हा खालच्या हवेने आत खेचून धरलेला होता. आणि लोअर्स निघाल्यावर त्या हवेला अडवून उभी होती एक सर्क्लिप, ती काढली असती तर सीलहेड थेट बाहेर उडालं असतं, आणि सर्क्लिप काढताना माणसाचा चेहरा कुठे असतो ते वेगळं सांगायला नको, वाकून त्याच भोकात बघत असतो.

फोनवर हे सगळं सांगितलं, ते दोन सेकंद गप्प झाले. मग विचारलं, आत्ता गाडी काढून आलो तर चालेल का. म्हटलं या, फक्त शाफ्टचं तोंड कुणाकडे करू नका आणि त्याला कशाचा धक्का लागू देऊ नका. जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या डिकीत टाकून आणला त्यांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचले. लोअर्स वेगळे, बोल्ट-वॉशर डबीत, प्रत्येक पार्टवर मार्करने खूण. इतकं नीटनेटकं काम करणारा माणूस मी कमी बघितलाय, आणि मला याचीच जास्त भीती वाटते, कारण धसमुसळा माणूस लोअर्सपर्यंतच पोचत नाही, सर्क्लिपपर्यंत जातो तो हात चालणारा माणूसच.

आमच्याकडे शिकायला असलेल्या पोराला बोलावलं, सेफ्टी चष्मे घातले आणि आधी उलटं काम केलं, म्हणजे लोअर्स परत चढवले. शाफ्ट आत असल्याने ते पूर्ण वर दाबून धरावे लागतात तेव्हा कुठे खालचे बोल्ट शाफ्टचे आटे पकडतात. दोन्ही बाजूचे बोल्ट कसले. आता काहीही निसटलं तरी लोअर्सच्या आतच अडकणार, बाहेर उडणार नाही. व्हॉल्व्ह कोअर परत बसवली, शॉक पंप लावला. वरचा कप्पा या स्थितीत एवढासा असतो त्यामुळे चार स्ट्रोकमध्ये काटा वर चढतो, फोर्क जरा उघडला की काटा पडतो, परत भरायचं. लोअर्समध्ये ॲक्सल घालून पोरगा खाली ओढतोय, मी भरतोय. फोर्कवर जास्तीत जास्त प्रेशरचा आकडा छापलेला असतो त्याच्या आतच राहायचं, घाई केली तर दुसरं काहीतरी फुटेल. सर एरवी 75 पीएसआयवर चालवायचे, आमचा काटा 110 ला गेला तेव्हा फोर्क पूर्ण वर आला. पण आवाज नाही. खळगी खरंच बुजलेली होती. मग तिथल्या तिथे एकदोन सेंटिमीटर दाबणं-सोडणं, दाबणं-सोडणं, बराच वेळ, आणि मग एकदम फस्स. ग्रीसचा गोळा हलला. काटा झपकन हलला आणि सरांनी "आलं!" असं वर्गात म्हणावं तसं मोठ्याने म्हटलं.

त्यानंतर हवा सोडायची तीसुद्धा एकदम नाही, एकदम सोडली तर पिस्टन खळगी सोडून वर पळतो आणि खालची हवा परत कोंडते. थोडी सोडायची, फोर्क ओढून पूर्ण वर आणायचा, खालची हवा वर येऊ द्यायची, परत थोडी सोडायची. शेवटी गेज शून्य आणि फोर्क हाताने दाबला की दबतोय, ओढला की येतोय, जिथे सोडला तिथे राहतोय. आता रिकामा. यानंतर लोअर्स उतरवले, शाफ्ट परत एकदा ओढून बघितला, वर फडकं धरलं, चेहरा बाजूला, आणि सर्क्लिप सरांनाच काढायला दिली. त्यांचीच प्लायर, त्यांचाच हात, एका झटक्यात निघाली आणि काहीही झालं नाही.

आत बघितलं तर निगेटिव्हच्या बाजूला ग्रीसचा लगदा. आधी कुणीतरी सर्व्हिस करताना भरपूर लावून ठेवलेला, लोकांना वाटतं ग्रीस जितकं जास्त तितकं चांगलं, इथे उलट आहे, सीलवर पातळ थर हवा, तेवढाच. पिस्टनचं सील एका बाजूने चपटं झालेलं. लोअर्समधलं तेल तर चिखल झालं होतं. सर राइड करतात ती चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर, ठोसेघरच्या बाजूचे कच्चे रस्ते, जांभ्याची लाल माती, ती पावसात वायपर सीलपाशी (लोअर्सच्या तोंडाशी माती अडवणाऱ्या सीलपाशी) साठते आणि मग कुणी वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी मारलं की थेट सीलच्या आत. स्टँचनचं कोटिंग मात्र शाबूत होतं, नखाने चाचपून बघितलं, ओरखडा लागला नाही, म्हणजे फोर्क वाचला. एका दुकानात त्यांना नवा फोर्क घ्या सांगितलं होतं, पन्नास हजारांच्या वरचा खर्च, एका सीलपायी.

पुढचं काम रोजचंच. स्टँचन आतून-बाहेरून आयसोप्रोपाइलने पुसले, नवं एअर सील, नवे वायपर, फोम रिंग तेलात भिजवून बसवल्या, दोन्ही पायात मॉडेलप्रमाणे मोजून तेल, खाली नवे क्रश वॉशर, बोल्ट टॉर्क रेंचने. उजव्या पायातला डॅम्पर, म्हणजे फोर्कच्या हालचालीचा वेग आवरणारा भाग, ठीक होता, त्याला हात लावला नाही. सर वहीत सगळं लिहून घेत होते, तेलाचे एमएलसुद्धा. मध्येच विचारलं, लोअर्स किती दिवसांनी उघडायचे? म्हटलं दिवसांनी नाही, चालवलेल्या तासांनी. फोर्क बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स लोअर्ससाठी 50 तास सांगतं, फॉक्स पूर्ण सर्व्हिससाठी 125 तास किंवा वर्ष, पण आपल्या पावसाळ्यात मी कुणालाच त्या आकड्यापर्यंत थांबू देत नाही, पाऊस संपला की एकदा उघडून तेल बघायचंच, मग तास किती का झाले असेनात. तेलाचा रंग बघून जे कळतं ते चालवून कळत नाही, कारण फोर्क इतका हळूहळू बिघडतो की चालवणाऱ्याला तोच नॉर्मल वाटायला लागतो.

फोर्क बाइकवर चढवला, 20 पीएसआय भरून पूर्ण वर ओढला, परत 20, परत ओढला, असं टप्प्याटप्प्याने 75 पर्यंत नेलं म्हणजे दोन्ही कप्पे बरोबर भरतात. सर हेल्मेट-बूट घालूनच बसले, सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर फोर्क जेवढा दबतो तेवढा, 28 एमएम, म्हणजे बरोबर 20 टक्के. ते उतरल्यावर स्टँचन पूर्ण 140 उघडं दिसत होतं.

जाताना म्हणाले, लोअर्सची सर्व्हिस यापुढे घरीच करीन, चालेल ना? अगदी चालेल, तुमच्यासारख्या माणसाने करावीच, म्हटलं. एअर साइड उघडायची असेल तर आधी शाफ्ट ओढून बघा, परत आत पळाला तर फोन करा, रात्री केलात तरी उचलेन. त्यांनी तेही वहीत लिहिलं, आणि पुढच्या बॅचला हाच फोर्क वर्गात नेऊन दाखवणार आहे म्हणाले, पोरांना न्यूमॅटिक्स शिकवताना कोंडलेली हवा म्हणजे काय ते डोळ्यांनी बघता येईल. मी माझ्याकडचा एक निकामी, मधोमध कापलेला स्टँचन त्यांना देऊन टाकला, त्यात ती खळगी स्पष्ट दिसते.