शेअर्ड ओनरशिपचा उरलेला हिस्सा आणि स्टॅम्प ड्युटीचे तीन आकडे: माझा अनुभव

आधी वैताग सांगतो, मग बाकीचं. एकच घर, एकच सॉलिसिटर (घराच्या व्यवहाराचा वकील), आणि स्टॅम्प ड्युटी आधी १,७०० पाउंड, मग १४,६३६, मग ४,१३६.

घर म्हणजे इंग्लंडमधल्या रेडिंगचा टू बेड फ्लॅट. २०१९ ला तीन लाख किमतीच्या त्या फ्लॅटचा ४०% हिस्सा आम्ही १,२०,००० ला घेतला आणि बाकीच्या ६०% वर हाउसिंग असोसिएशनला, म्हणजे तो हिस्सा ज्या संस्थेकडे राहतो तिला, भाडं देत होतो. ते भाडं दरवर्षी वाढतंच, म्हणून २०२५ मध्ये बायको म्हणाली आता एकदाचं सगळं घेऊन टाकू. याला इथे स्टेअरकेसिंग म्हणतात, लोक एकेक पायरी चढतात, आम्ही ४० वरून थेट १०० वर उडी मारली. व्हॅल्युएशन ३,५०,००० आलं, म्हणजे आम्हाला २,१०,००० भरायचे. मॉर्गेजला काही त्रास झाला नाही.

सॉलिसिटरच्या पहिल्या कोटमध्ये टॅक्स १,७००. सरकारी कॅल्क्युलेटरमध्ये २,१०,००० टाकले की तेवढेच येतात, मीही टाकून बघितलेले, त्यामुळे खूश. मग त्यांचा फॉर्म आला, त्यात प्रश्न होता की जगात कुठेही दुसरं घर आहे का. पुण्याचा फ्लॅट बाबा गेल्यावर २०२१ ला आईने हक्कसोड करून माझ्या नावावर केलाय, तर मी खरं ते लिहिलं. आठवड्याने नवीन आकडा, १४,६३६. ऑफिसच्या पॅन्ट्रीत मोबाइलवर वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला.

फोन केला तर सॉलिसिटरच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या दुसरं घर आहे म्हणून ५% जादा. बरं, २,१०,००० चे ५% म्हणजे १०,५००, मग वरचे ४,१३६ कुठून आले, आधी तर १,७०० होते ना? तर म्हणे सिस्टीमने काढलंय. मेल केला, उत्तर नाही. परत केला तर त्या सुट्टीवर, त्यांच्या जागेवरच्या मुलाला फाइलच सापडेना, तो म्हणाला सोमवारी फोन करतो आणि तो सोमवार काही उजाडला नाही. इकडे व्हॅल्युएशन फक्त तीन महिने चालतं, ते संपलं की परत सर्व्हेयर, परत फी, आणि किंमत वाढली तर सगळंच मुसळ केरात. मी रोज सकाळी कॅलेंडर बघायचो आणि चिडचिड मुलीवर निघायची.

शेवटी एका रविवारी एचएमआरसीची (ब्रिटनच्या कर खात्याची) गाइडन्स उघडून आम्हीच बसलो. पहिला हिस्सा आणि आत्ताचा हिस्सा जोडून धरतात, म्हणजे १,२०,००० अधिक २,१०,००० असे ३,३०,०००. त्यात पहिल्या १,२५,००० वर शून्य, पुढच्या १,२५,००० वर २% म्हणजे २,५००, वरच्या ८०,००० वर ५% म्हणजे ४,०००, एकूण ६,५००. हे सगळं भरायचं नसतं, त्यातला आत्ताच्या हिश्शापुरता वाटाच भरायचा. बायकोने किराणाच्या पावतीमागे मांडलं, ६,५०० गुणिले २१० भागिले ३३०, शाळेतलं त्रैराशिक, आलं ४,१३६! म्हणजे १,७०० हाच आकडा चुकीचा होता, आणि मी तो खरा धरून भांडत होतो.

पण ते ५% मात्र खरंच लागत नव्हते. आपण राहतो त्याच घरातला हिस्सा वाढवतोय आणि आधीची सलग तीन वर्षं तेच आपलं मुख्य घर आहे, तर नोव्हेंबर २०१७ पासून यातून सूट आहे, मग पुण्यात फ्लॅट असला तरी. हे सगळं लिहून, सोबत तिथेच राहतो याचा पुरावा म्हणून काउन्सिल टॅक्सची बिलं जोडून थेट सॉलिसिटर फर्मच्या पार्टनरला मेल केला. दोन दिवसांत फोन, "यू आर राइट". सॉरी वगैरे काही नाही. व्हॅल्युएशन संपायला नऊ दिवस असताना कम्प्लीशन झालं, म्हणजे व्यवहार पूर्ण. पुण्याचं घर लपवा असं सांगणारे भेटले, अजिबात लपवू नका, फॉर्मवर सही आपली असते.

आता खरी ठेच. बिलं शोधताना २०१९ ची फाइल निघाली. तेव्हा पूर्ण बाजारभावावर टॅक्स भरण्याचा पर्याय असतो, मार्केट व्हॅल्यू इलेक्शन, तो निवडला की पुढे कितीही हिस्सा घ्या, टॅक्स नाही. आणि पहिलं घर म्हणून तेव्हा तीन लाखापर्यंत शून्य होता, घर बरोबर तीन लाखाचं! म्हणजे तेव्हाही शून्य, आत्ताही शून्य लागला असता. ते सॉलिसिटर दुसरे होते, त्यांनी विषयच काढला नाही आणि आम्हाला कुठे माहीत. पहिल्या घराची सवलत नंतरच्या हिश्शाला मिळत नाही, त्यामुळे आता हात चोळत बसायचं. तुम्ही नवीन घेत असाल तर पहिल्याच मीटिंगला हे विचारा. आधीच घेतलं असेल तर जुनी फाइल काढून बघा, इलेक्शन केलेलं असेल तर हे त्रैराशिक करायचीच गरज नाही.

हां, ८०% पर्यंत हिस्सा वाढवला तर टॅक्स लागतच नाही. आमचा एक मित्र ७५ वर आरामात बसलाय, भाडं भरतो आणि मला हसतो. हे सगळं इंग्लंडचं हं, स्कॉटलंड आणि वेल्सचे टॅक्स वेगळे. आणि कम्प्लीशननंतर १४ दिवसांत रिटर्न जावं लागतं, ते सॉलिसिटर करतात, पण एसडीएलटी५, म्हणजे स्टॅम्प ड्युटीचं रिटर्न भरल्याच्या सर्टिफिकेटची कॉपी मागून घ्या, त्याशिवाय लँड रजिस्ट्रीत नोंद होत नाही. मी तीन वेळा मागितली.

भाड्याचा डायरेक्ट डेबिट बंद झालाय का तेही बघा. आमचा पुढच्या महिन्यातही गेला, रिफंडसाठी मेल केलाय, बघू.