22 मिलिमीटरचा खड्डा आणि सहा आठवड्यांची परवानगी

कोथरूडमधल्या एका व्यापारी इमारतीच्या तळमजल्यावर आमचं फिजिओथेरपी सेंटर आहे. तिथलं प्रशासन मी बघते. आमच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक वॉकर, काठी नाहीतर व्हीलचेअर घेऊन येतात. गेल्या वर्षी जुलैत, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम पंधरा दिवस झालेल्या एका आजी आल्या. दारातल्या सुट्या मॅटची वर वळलेली कड त्यांच्या वॉकरच्या चाकात अडकली. रखवालदारकाका धावले म्हणून त्या पडल्या नाहीत. मॅट काढली तर ओल्या ग्रॅनाइटवर पाय घसरणार, ठेवली तर अडखळणार. त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या पावसाळ्याआधी जमिनीत बसवलेली मॅट करून घ्यायची. म्हणजे फरशीत मापाचा खड्डा, भोवती धातूची फ्रेम आणि मॅटचा वरचा भाग बरोबर फरशीच्या पातळीत.

प्रत्यक्ष काम चार दिवसांचं होतं. परवानगीला सहा आठवडे गेले. 22 एप्रिलला इमारतीच्या मेंटेनन्स ऑफिसात अर्ज दिला आणि 3 जूनला सही मिळाली. मला आजही त्याचा राग येतो, म्हणून तो भाग सविस्तर लिहिते. तुमच्या वाट्याला ते येऊ नये.

अर्जाचा छापील फॉर्म होता. त्यात ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात पर्याय होते: रंगकाम, विद्युत, फर्निचर, तोडफोड, इतर. ग्रॅनाइट काढायचा होता, म्हणून मी प्रामाणिकपणे ‘तोडफोड’वर खूण केली. सगळं अडलं ते या एका खुणेपाशी, पण हे मला कळलं ते 31 मेला.

पहिल्या आठवड्यात सांगितलं, मिस्त्रीच्या आधार कार्डाची प्रत द्या. दिली. मग राडारोडा आम्हीच हलवू असं हमीपत्र मागितलं, तेही दिलं. डिपॉझिटचा चेक दिला. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, खाली पार्किंग आहे, पाणी झिरपलं तर जबाबदारी कोणाची? प्रश्न रास्त होता. मी लेखी दिलं की खड्ड्याला वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊ आणि 24 तास पाणी भरून ठेवून दाखवू. चौथ्या आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र मागितलं. कोणाचं, तर इमारतीच्याच सल्लागाराचं. ते कधी येतात? ‘येतील या आठवड्यात.’ त्यानंतर दर दोन दिवसांनी मी काउंटरवर जात होते आणि दर वेळी एकच उत्तर मिळत होतं, फाईल वर गेली आहे. मध्ये एक वळीव पडून गेला. त्या संध्याकाळी मावशी दारात पोतं अंथरून बसल्या होत्या आणि येईल त्याचा हात धरून आत आणत होत्या. ते बघून मी दुसऱ्या दिवशी अर्जाला आणखी एक पान जोडलं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही येतात, तेव्हा प्रवेशद्वार सुरक्षित करण्याचं काम रोखू नका, असं लिहिलं. पोच मिळाली, पण फाईल जागची हलली नाही.

31 मेला ते इंजिनियर मला योगायोगाने पार्किंगमध्ये भेटले. मी त्यांना तशीच दारापाशी घेऊन आले. बाजूच्या डक्टच्या दाराशी ग्रॅनाइटची कड उघडी होती. तिथे टेप लावून दाखवलं: ग्रॅनाइट 18 मिलिमीटर, त्याखाली मसाल्याचा, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर साधारण 45, मग स्लॅब. आम्ही वरून 38 मिलिमीटरपर्यंतच जाणार होतो. ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही स्लॅबला हातच लावत नाही आहात, मग हे माझ्याकडे आलं कशाला?’ आलं होतं ते ‘तोडफोड’वर खूण असल्यामुळे. तो पर्याय भिंती आणि स्लॅब फोडण्यासाठी आहे. लादी बदलण्याची कामं ‘इतर’मध्ये जातात आणि त्यांना या पत्राची गरजच नसते. काउंटरवरच्या माणसाने पाच आठवडे तो फॉर्म हातात घेतला, दर वेळी माझ्यासमोर उघडला, पण ती खूण चुकीच्या जागी आहे एवढं बोलला नाही. या दिवसांत दारात एखादी आजी पडली असती तर त्याला काय वाटलं असतं, हे मी त्याला विचारलं. तो गप्प राहिला.

त्याच दिवशी नवा फॉर्म भरला. ‘इतर’वर खूण आणि पुढे लिहिलं: ‘18 मिमी ग्रॅनाइट व त्याखालील मसाल्याचा वरचा 20 मिमी थर काढणे, स्लॅबला स्पर्श नाही, प्रवेशद्वाराची मॅट बसवणे.’ सोबत वहीच्या कागदावर पट्टीने काढलेला उभा छेद, म्हणजे जमीन उभी कापली तर थर कसे दिसतील त्याचं चित्र जोडलं, प्रत्येक थराचं माप लिहून. तिसऱ्या दिवशी सही झाली. तेव्हा अर्ज करणार असाल तर फॉर्म भरण्याआधी छेद काढा आणि कामाच्या वर्णनात काय तोडणार याच्याइतकंच काय तोडणार नाही तेही लिहा.

38 कशाला, हे मिस्त्रींनी मला समजावलं. आमची मॅट 22 मिलिमीटर जाडीची. ग्रॅनाइट काढला की 18 मिळतात, उरले 4. पण जुना मसाला नेमका 4 मिलिमीटर तासून सपाट होत नाही, खडबडीत राहतो. म्हणून 20 खाली जायचं आणि 16 मिलिमीटरचा नवा थर लेव्हल लावून घालायचा. तळ सपाट नसेल तर मॅट पायाखाली डुलते, आणि काठी टेकणाऱ्याला ते लगेच जाणवतं. ग्रॅनाइट कटरनेच कापून घ्या, छिन्नीने फोडू देऊ नका, कडा उडतात.

मॅटची ऑर्डर फ्रेम बसल्यावरच द्या. विक्रेता नकाशावरच्या मापावर घाई करतो. आमच्या खड्ड्याची रुंदी दोन टोकांना 6 मिलिमीटरने वेगळी निघाली. दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजून मग माप दिलं. मॅट येईपर्यंत दोन आठवडे खड्डा उघडा ठेवता येत नव्हता. 18 आणि 4 मिलिमीटरचं प्लाय एकमेकांवर खिळवून बसवलं, बरोबर 22 झालं. ही युक्ती मिस्त्रींची.

लांबी किती ठेवायची यावर मी हटून बसले होते. विक्रेता म्हणत होता, एक मीटर पुरे. पण व्हीलचेअरचं मागचं चाक 24 इंची असतं, त्याचा एक पूर्ण फेरा 1.9 मीटरचा होतो. मॅट त्याहून आखूड असेल तर चाकाचा काही भाग चिखल पुसल्याशिवायच आत येतो. आम्ही 2.1 मीटर ठेवली. चालणाऱ्याची दोन्ही पावलंही त्यावर किमान एकदा पडतात. माझा हट्ट बरोबर होता, आतली फरशी बघून कोणीही सांगेल.

काथ्याची मॅट स्वस्त पडते, पण पुण्यातल्या चार महिन्यांच्या ओलीत ती फुगते आणि तिचे तंतू सुटतात. आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची घेतली. पट्ट्या तारेने गुंफलेल्या, वर एकाआड एक रबर आणि कार्पेट. रबराने चिखल खरवडला जातो, कार्पेटमध्ये पाणी शोषलं जातं आणि माती फटींतून खाली पडते. पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. आणि दोन तुकड्यांत घ्या. अखंड मॅट पन्नास किलोच्या आसपास गेली असती, मावशींना गुंडाळता आली नसती.

दाराचं सांगायचं राहून गेलं, खरं तर ते सगळ्यात आधी बघायचं. काचेचं दार आत उघडत असेल तर ते मॅटवरूनच फिरतं. खालची फट मोजा आणि कार्पेटचे केस फ्रेमच्या थोडे वर येतात हे धरून चला. फ्लोअर स्प्रिंगचा, म्हणजे दार आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेचा जमिनीतला डबा खड्ड्यात येता कामा नये. आमचा खड्डा त्यासाठी चार इंच आत सरकवला.

निगेला फार काही लागत नाही, पण चुकवून चालत नाही. रोज व्हॅक्युम. एरवी आठवड्यातून एकदा आणि पावसाळ्यात दर रात्री मॅट गुंडाळायची, खालची माती आणि पाणी काढायचं, तळ फडक्याने कोरडा करायचा आणि मगच परत पसरायची. आतल्या खड्ड्याला निचरा नसतो. पहिल्या जोरदार पावसानंतर मावशींनी मॅट उचलली तेव्हा खालून अर्धी बादली चिखल निघाला. हा सगळा आधी आमच्या व्यायामाच्या खोलीत जायचा. माती साचू दिली तर मॅट एका बाजूला उचलली जाते आणि फ्रेमपाशी पुन्हा तीच ठेच तयार होते.

त्या आजी सप्टेंबरात तपासणीला आल्या, आता वॉकरऐवजी काठी होती. दारात क्षणभर थांबल्या, काठीने मॅटची कड चाचपली आणि आत आल्या.