दोन बॅगांचे ओझे

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर आम्हा सहा जणांच्या बॅगा तीन भरियांनी, म्हणजे नेपाळी हमालांनी, वाहिल्या. पंधरा-पंधरा किलोंच्या दोन बॅगा दोरीने एकत्र बांधून आणि कपाळाला नाम्लो, म्हणजे ओझे पेलणारा पट्टा, लावून आमचा भरिया नामचे गावाचा चढ चढू लागला, तेव्हा आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले, "यांना सवयच असते," आणि मीही मान डोलावली. प्रत्यक्षात तो शेर्पा नव्हता, सखल खोऱ्यातल्या राई समाजातला होता. शेर्पा हे एका समाजाचे नाव आहे, आणि खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या परिसरात, ओझी वाहणारे कितीतरी जण राई, तामांग किंवा मगर असतात, ज्यांना विरळ हवा आपल्यासारखीच बाधू शकते. लोबुचे या उंचावरच्या वस्तीला पोहोचेपर्यंत त्याचेही डोके ठणकू लागले होते, पण मजुरी बुडेल या भीतीने त्याने ते रात्रभर लपवले. सकाळी त्याला एकट्यालाच खाली पाठवण्याचे ठरत होते. आम्ही हट्ट धरला, म्हणून सोबत एक माणूस गेला.

हा प्रसंग मनात असतानाच थुकलाच्या खिंडीतली, एव्हरेस्टवर मरण पावलेल्यांची दगडी स्मारके परतीच्या वाटेवर पुन्हा पाहिली. १८ एप्रिल २०१४ रोजी बेस कॅम्पच्या वरच्या खुंबू हिमप्रपातात, म्हणजे हिमनदीच्या भेगाळलेल्या उतारावर, बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. ते इतरांसाठी वरच्या तळांवर सामान पोहोचवत होते. परवान्यापोटी परदेशी गिर्यारोहक तेव्हा माणशी किमान १०,००० डॉलर भरत असे, आणि सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रथम देऊ केले ते ४०,००० नेपाळी रुपये! शेर्पांनी काम थांबवले, नेपाळच्या बाजूचा मोसम जवळपास तिथेच संपला आणि मग कामगारांच्या विम्याची रक्कम १० लाखांवरून १५ लाख रुपये झाली.

ग्राहकांना हिमप्रपात कमी वेळा ओलांडावा लागावा म्हणून काही कंपन्या त्यांचा विरळ हवेचा सराव लोबुचे शिखरावर करून घेतात. ही काळजी योग्यच आहे, पण तंबू, प्राणवायूच्या नळकांड्या आणि स्वयंपाकाचा गॅस वर नेणाऱ्याच्या फेऱ्या त्यामुळे कमी होत नाहीत. ग्राहकाचा धोका पैशांनी घटतो आणि कामगाराचा तेवढाच राहतो, हे मला अन्यायाचे वाटते. पर्यटनामुळे खुंबूत पैसा आला, मुले शिकली, हे खरेच आहे. म्हणून तिथे जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्याकडे शिखरवीरांचे सत्कार होतात, तेव्हा त्यांच्यासाठी वाटेवर दोर लावणाऱ्या कामगाराचे नाव व्यासपीठावरून घेतले जावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आता कोणत्याही ट्रेकचे पैसे भरण्यापूर्वी मी संयोजकांना तीन गोष्टी लेखी विचारते: भरियाच्या पाठीवर किती किलो असतील, त्याचा विमा किती रकमेचा आहे, आणि तो आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण जाईल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत मी आगाऊ रक्कम पाठवत नाही.