शेततळ्याचं अनुदान अर्जावर नाही, मोजमापावर अडतं

‘महाडीबीटीवर अर्ज टाकलाय, पोकलेन कधी बोलवू?’ पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न ठरलेला. महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारच्या योजनांसाठी ऑनलाइन अर्ज करायचं पोर्टल; शेततळ्याचा अर्ज तिथेच होतो. पूर्वसंमतीचं पत्र हातात पडेपर्यंत एक बकेट मातीसुद्धा उचलायची नाही. जागेची पाहणी करायला आलेल्या माणसाला आधीच खणलेला खड्डा दिसला, तर ते काम ‘जुनं’ ठरतं आणि पैसे मिळत नाहीत. मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घाई करणारे दरवर्षी असेच अडकतात.

मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला कमाल ७५ हजार रुपये मिळतात. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’मध्ये ही मर्यादा ५० हजार होती. तळ्याचे आकार १५ × १५ × ३ मीटरपासून ३४ × ३४ × ३ मीटरपर्यंत आहेत. तळं लहान घेतलं की रक्कमही कमी होते, त्यामुळे ‘७५ हजार मिळणार’ असं धरून मशीनवाल्याशी बोलू नका. किमान जमिनीची अट आहे, कोकणात ती कमी आहे. आधी एखाद्या योजनेतून तळं घेतलं असेल तर पुन्हा मिळत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात आधी शेतकरी ओळख क्रमांक. तो नसेल तर अर्ज पुढेच सरकत नाही. मग सातबारा आणि ८-अ. सातबारा भावाभावांत सामायिक असेल तर इतर खातेदारांचं संमतिपत्र आधीच करून ठेवा, कारण निवड झाल्यावर कागद चढवायला मुदत मोजकीच असते आणि नेमका तेव्हाच एखादा भाऊ पुण्याला असतो. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते तपासा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं म्हणजे तुम्ही सगळ्यात शेवटी आधार जोडलेलं. पासबुक एका बँकेचं आणि रक्कम दुसऱ्याच बँकेत, असं होतं ते यामुळे. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे एवढं विचारून घ्या.

आता जागा. नाल्याच्या पात्रात तळं घ्यायचं नाही; पहिल्या मोठ्या पुरात ते गाळाने भरतं किंवा बांध घेऊन जातं. उताराच्या खालच्या अंगाला, जिथे शेतातलं पाणी आपसूक गोळा होतं, तिथे घ्या. खाली काय लागणार हे शेजारच्या विहिरीत डोकावून कळतं: किती फुटांवर माती संपते, मुरूम किती आणि खडक कुठे सुरू होतो. दोन मीटरवर कातळ असेल तर तीन मीटरचा आकार मागण्यात अर्थ नाही.

आखणीला चुन्याची फक्की मारताना माप मूळ जमिनीच्या पातळीवर, काठापासून काठापर्यंत घ्यायचं. ३० × ३० चं तळं, बाजूंचा उतार १:१ (एक मीटर खोलीला एक मीटर आत) असेल तर तळ २४ × २४ येतो. तीन मीटर खोलीला पाणी मावतं २१९६ घनमीटर, म्हणजे साधारण २२ लाख लिटर. मातीच्या ढिगावरून टेप सोडला की खोली तीन मीटर दिसते आणि जमिनीच्या पातळीपासून ती भरते २.४. तेवढ्यात साठवण १८३३ घनमीटरवर येते. मोजणीच्या दिवशी धरली जाते ती ही खरी खोली, आणि पैसेही प्रत्यक्ष झालेल्या कामाचेच. म्हणून मशीन शेतात असतानाच चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी खोली स्वतः मोजा. मशीन गेल्यावर अर्ध्या मीटरसाठी ते परत येत नाही. चिकट काळ्या मातीत १:१ उतार तग धरतो. भुसभुशीत जमिनीत दीडास एक (एक मीटर खोलीला दीड मीटर आत) ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात काठ ढासळतो.

निघालेली माती काठाला लागून टाकू नये. दीड मीटर मोकळी जागा सोडून बांध घाला, थर देऊन दाबा. पाणी आत येतं तिथे दोन मीटर लांब-रुंद आणि एक मीटर खोल गाळखड्डा असावा. सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेची, पातळी बांधाच्या माथ्याखाली ठेवून तिथे दगड लावा.

अस्तरीकरण, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरणं, हा वेगळा घटक, त्याचा अर्ज वेगळा. मुरमाड जमिनीत कागद नसेल तर दिवाळीनंतर तळं कोरडं पडतं. ५०० मायक्रॉनचा, आयएस १५३५१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला कागद घ्या. मोजताना फक्त तळ आणि उतार धरू नका: ३० × ३० ला ते १०३४ चौरस मीटर होतं, पण काठावर चर खणून कडा गाडायला चारही बाजूंनी आणखी दीड मीटर लागतो, म्हणून साडेबाराशेच्या आसपास मागवा. बिल पूर्वसंमतीनंतरच्या तारखेचं, जीएसटीसह, आणि पैसे बँकेतून दिलेले असावेत.

तळ्याने किती भिजेल हेही नीट मांडा. एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर. कागदावर ३० × ३० चं तळं अकरा पाळ्या देतं. पण उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर धरलं तरी भरल्या तळ्यातून दिवसाला सात हजार लिटर नुसतं उडून जातं. त्यामुळे हे पाणी पावसाच्या खंडात आणि रब्बीच्या सुरुवातीला वापरावं, मेपर्यंत जपून ठेवण्यात शहाणपण नाही. ठिबकला वेगळा अर्ज करा. अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के, पाच हेक्टरच्या मर्यादेत.

बोअरचं पाणी उपसून कागद घातलेल्या तळ्यात साठवण्याला मात्र जलसंधारण म्हणणं मला पटत नाही. जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात वाळवायचं, आणि शेजाऱ्याची विहीर त्यापायी आटते.

कुंपण या ७५ हजारांत धरू नका, तो खर्च आपला. पण टाळूही नका. ओला कागद इतका निसरडा असतो की पोहणारा माणूसही वर चढू शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडा, आणि दोर कुजला की बदला.