आपले गीत दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकताना

आमच्या गीतलेखनाच्या मासिक बैठकीत एक नियम कसोशीने पाळला जातो. ज्याने गीत लिहिले, त्याने ते स्वतः गायचे नाही. कागद शेजारच्याच्या हाती द्यायचा. पेटीवर एखादी साधी चाल धरली जाते, तबल्यावर केरवा सुरू होतो आणि ज्याने ते शब्द पूर्वी कधी पाहिलेले नाहीत, असा माणूस ते गाऊ लागतो. स्वतःचे गीत गाताना आपण नकळत एखादे अक्षर ओढतो, एखादे गिळतो आणि ओळ तालात बसली असे मानून पुढे जातो. दुसरा माणूस मात्र कागदावर आहे तेवढेच गातो, त्यामुळे ओळ जिथे अडखळते ती जागा लिहिणाऱ्यासकट सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येते.

पुण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात आम्ही जमतो. मराठीच्या निवृत्त शिक्षिका, बँकेतले एक गृहस्थ, तबला शिकणारा एक विद्यार्थी, रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक ताई आणि येऊन-जाऊन असणारी आणखी काही मंडळी. बहुतेकांनी तरुणपणी कविता केल्या होत्या, पण गाण्यासाठी लिहिणे हे वेगळे काम आहे, हे इथे आल्यावरच आम्हाला समजले.

नव्या माणसाला पहिला धडा अभंगाचा दिला जातो. मोठा अभंग साडेतीन चरणांचा: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. इथे लघु-गुरूचा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा, हिशेब नसतो, फक्त अक्षरे मोजायची असतात. म्हणून बोटांवर मोजत कोणालाही सुरुवात करता येते आणि पहिल्याच दिवशी आपला अभंग दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतो. शतकानुशतके ज्या साच्यात महाराष्ट्र गात आला, तो साचा शिकण्यासाठीही इतका सोयीचा असावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

खरी परीक्षा मात्रांपासून, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाच्या मापापासून, सुरू होते. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात आला तर त्याच्या आधीचे ऱ्हस्व अक्षरही दोन मात्रांचे होते. केरवा तालाचे आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, आठ मात्रांचे असल्यामुळे सोळा मात्रांची ओळ दोन आवर्तनांत नेमकी बसते. परिचारिका ताईंनी कोकणातल्या आपल्या माहेराविषयी एक गीत आणले होते. त्यातल्या दोन ओळी अशा होत्या:

अंगणात या ऊन उतरले
विहिरीवरती रहाट थांबला

पहिली ओळ सोळा मात्रांची आहे आणि 'ऊन' हा शब्द बरोबर दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. दुसरी ओळ सतरा मात्रांची. गाणारे बँकेतले काका ती प्रामाणिकपणे लिहिल्याप्रमाणे गायले, आणि शेवटच्या 'ला'चा अर्धा भाग पुढच्या समेवर सांडला. त्यामुळे त्यानंतरची ओळ मागे पडली. तबला वाजवणाऱ्या मुलाने लगेच तोडगा काढला: 'थांबला'ऐवजी 'थकला' घ्या आणि 'वरती'चे 'वरचा' करा, म्हणजे मात्रा जुळतील. त्या जुळत होत्याही. ताई मात्र म्हणाल्या, "अरे, रहाट थकला नव्हता. विहिरीवर पंप बसला, म्हणून तो थांबला."

इथे आमच्या शिक्षिका बाईंनी जे केले, तेच मला या बैठकीचे सर्वांत मोठे बळ वाटते. त्यांनी पर्यायी शब्द सुचवला नाही. त्यांनी विचारले, "तो थांबला, हे तुम्हाला घरात कळलं कसं?" ताई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "पहाटे त्याचा आवाज येईना." आणि मग त्यांनी स्वतःच खाली लिहिले:

विहिरीवर ना रहाट वाजे

सोळा मात्रा पुऱ्या झाल्या, 'रहाट' समेवर राहिला, आणि पूर्वी जी ओळ नुसती माहिती देत होती तिच्यात आता एका घराची पहाट ऐकू येऊ लागली. पुढच्या बैठकीला ताई यमकाची ओळही घेऊन आल्या: 'मिटून बसले ते दरवाजे'. त्या दोन ओळी लागोपाठ गायल्या गेल्या, तेव्हा दाद द्यायचे भान कोणालाच राहिले नाही. सगळे जण त्या पुन्हा गाऊन पाहू लागले.

आधार देणे म्हणजे वाहवा करणे, असा समज अनेक साहित्यिक मेळाव्यांत दिसतो. वाहवा कोणाला नको असते, परंतु तिने ओळ सुधारत नाही. उलट जाणकाराने ओळ हातात घेऊन स्वतःच्या पद्धतीने दुरुस्त करून दिली, तर ती निर्दोष होते, पण लिहिणाऱ्याची राहत नाही. प्रश्न विचारून लिहिणाऱ्यालाच त्याच्या अनुभवापाशी परत नेणे या दोन्हींपेक्षा कठीण आहे आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच आम्ही एका बैठकीत मोजकीच गीते घेतो.

एकत्र बसून गीत घडवण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. जात्यावर बसलेल्या दोघींपैकी एकीने ओवी घालायची आणि दुसरीने ती उचलायची, अशाच मार्गाने खेड्यापाड्यांतल्या बायकांनी आपले गीतभांडार उभे केले. हेमा राईरकर आणि गी पोएत्व्हँ या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनातच अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. पुढे सुरेश भटांनी गझलेचे तंत्र समजावणारी 'गझलेची बाराखडी' लिहून नवशिक्यांच्या हाती दिली आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवून त्यांच्या रचना घडवल्या. कवी हा जन्मावा लागतो असे मानणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचा अवश्य विचार करावा.

चालीवर लिहिताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. चाल वरच्या षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, चढते आणि तिथे सूर लांबवायचा असतो, तेव्हा 'आ' किंवा 'ओ'ने संपणारे अक्षर गळा मोकळा ठेवते. 'ई'वर बऱ्याच जणांचा आवाज आवळला जातो. हे पुस्तकात वाचून पटत नाही. आपल्या 'ई'वर समोरच्या माणसाच्या मानेच्या शिरा ताणलेल्या पाहिल्या, की कायमचे पटते.

अलीकडे मराठी रॅप लिहिणारा एक महाविद्यालयीन मुलगा बैठकीला येऊ लागला आहे, आणि त्याने आमच्या मात्रांच्या हिशेबालाच प्रश्न केला आहे. त्याच्या मते बोलताना कोणीही 'थां-ब-ला' म्हणत नाही. मधला 'अ' गळतो आणि शब्द दोनच आघातांत संपतो, म्हणजे ताईंची रहाटाची मूळ ओळ उच्चारात सोळा मात्रांचीच होती. शिक्षिका बाईंचे म्हणणे असे की भावगीताच्या गायकीत प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारले जाते, त्यामुळे हिशेबही पूर्ण अक्षराचाच हवा. माझा कल असा आहे की संथ लयीत बाईंचे खरे आणि द्रुत लयीत त्या मुलाचे. मात्र गीत कोणत्या लयीत गायले जाणार आहे, हे लिहिण्यापूर्वीच ठरवायला हवे. पुढच्या बैठकीसाठी प्रत्येकाने आठ ओळींचे एकच गीत दोन्ही हिशेबांनी लिहून आणायचे ठरले आहे, आणि माझे गीत तो मुलगा गाणार आहे.